इंधनाचे पीक आणि पाण्याचा हिशेब

नेरळहून माथेरानचा घाट चढून आलेली मोटार दस्तुरी नाक्यापाशी थांबते. तिला पुढे जाण्यास मज्जाव आहे. तेथून प्रवाशाने पायी जावे, घोड्यावर बसावे, नाहीतर १९०७ सालापासून धावत असलेल्या छोट्या आगगाडीचा आश्रय करावा, असा या गिरिस्थानाचा शिरस्ता आहे. अलीकडे विजेवर चालणाऱ्या काही रिक्षा तेवढ्या आल्या आहेत. दस्तुरीवर मोटार आणि घोडा शेजारी शेजारी उभे असलेले पाहून कोणासही वाटावे की, येथे दोन युगे एकमेकांसमोर उभी आहेत. कारण घोडा चालतो तो गवतावर व चंदीवर, म्हणजे शेताच्या व कुरणाच्या उत्पन्नावर, आणि मोटार चालते ती भूमीच्या पोटातून काढलेल्या तेलावर.

हा भेद आता पूर्वीइतका खरा राहिलेला नाही. भारतात २०२५ पासून पंपांवर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये सामान्यतः शेकडा २० भाग इथेनॉल असते. इथेनॉल म्हणजे मद्यार्कच होय. तो उसाच्या रसापासून, साखर काढून उरलेल्या मळीपासून, किंवा मका व तांदूळ यांसारख्या धान्यापासून काढतात. तात्पर्य, दस्तुरीवर उभ्या असलेल्या मोटारीच्या टाकीतील पाचवा हिस्सा घोड्याच्या चंदीप्रमाणेच शेतात उगवलेला असतो. घोड्याचे गवत पावसावर वाढते. मोटारीचे गवत कोणाच्या पाण्यावर वाढते, हा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारीत नाही. या लेखाचा विषय तोच आहे.

प्रथम साधा हिशेब करून पाहावा. महाराष्ट्रात उसास लागवडीपासून तोडणीपर्यंत बारा ते अठरा महिने लागतात आणि तेवढ्या अवधीत त्यास एकंदर सुमारे २००० मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ ८० इंच उंचीचे पाणी हवे असते. एक एकर म्हणजे सुमारे ४०४७ चौरस मीटर. त्यावर २००० मिलिमीटर पाणी उभे केले तर ते ८० लाख लिटर भरते. एकरी ४० टन ऊस निघाला आणि दर टनामागे ७० लिटर इथेनॉल मिळाले, तर २८०० लिटर इथेनॉल हाती येते. ८० लाखांस २८०० ने भागले असता दर लिटरमागे सुमारे २८६० लिटर पाणी पडते. नीती आयोगाने २०२१ साली इथेनॉलच्या मिश्रणासंबंधी जो आराखडा प्रसिद्ध केला, त्यातही उसाच्या इथेनॉलसाठी हाच आकडा दिलेला आहे.

मुंबईहून दस्तुरीपर्यंत येऊन परत जाण्यास मोटारीस सुमारे १२ लिटर पेट्रोल लागते असे धरावे. त्यातील पाचवा हिस्सा म्हणजे २.४ लिटर इथेनॉल. ते सर्व उसाच्या रसाचेच असेल, तर एका दिवसाच्या सहलीमागे सुमारे ७ हजार लिटर पाणी शेतात खर्ची पडले असे ठरते. कारखान्यात मद्यार्क काढताना लागणारे पाणी या मानाने अगदी किरकोळ असते. खरा खर्च शेतातच होतो.

एवढ्यावरून लगेच निकाल देणे मात्र बरोबर होणार नाही. पाण्याचा आकडा मोठा आहे म्हणून ते पाणी वाया गेले असे होत नाही. जे पाणी आकाशातून पिकावर पडले आणि पिकाने घेतले, त्याबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही. न घेते तर त्यातील पुष्कळसे वाहून किंवा वाफ होऊन गेलेच असते. तक्रार उद्भवते ती नदीतून, धरणातून किंवा विहिरीतून उचललेल्या पाण्याबद्दल. कारण तेच पाणी पिण्यास, गुरांस आणि शेजारच्या शेतास उपयोगी पडणारे असते. म्हणून दर लिटर इंधनास किती पाणी लागले, एवढे विचारून भागत नाही. ते पाणी कोठले, पावसाचे की पाटाचे, हेही विचारावे लागते. उसाच्या बाबतीत महाराष्ट्राचे उत्तर या दुसऱ्या प्रश्नाशी अडते.

ते समजण्यास माथेरानचा डोंगर सोयीचा आहे. हा डोंगर सह्याद्रीच्या मुख्य रांगेपासून सुटून पश्चिमेस उभा आहे. पूर्वेच्या टोकांवरून पाहिले असता पायाशी उल्हास नदीचे खोरे, त्यात कर्जतची भातशेते आणि पलीकडे सह्याद्रीची अखंड भिंत दिसते. अरबी समुद्रावरून येणारे ढग या भिंतीस अडून वर चढतात आणि येथेच रिते होतात. माथेरानास वर्षाकाठी सरासरी दोनशे इंचांच्या आसपास पाऊस पडतो. भिंत ओलांडून पठारावर उतरले की पुण्यास तो तीस इंचांच्या आत येतो आणि आणखी पूर्वेस बारामती-इंदापूरच्या बाजूस वीस इंचांच्या आसपास उरतो. हा पर्जन्यछायेचा प्रदेश होय. वास्तविक उसास लागणारे ८० इंच पाणी आकाशातून मिळेल असा प्रदेश भिंतीच्या अलीकडे. आणि उसाचे मळे मात्र पसरले आहेत ते पलीकडे.

पाऊस विपुल असणे आणि पाणी हाती असणे या दोन गोष्टीही एक नव्हेत. माथेरानच्या माथ्यावरील जांभ्या दगडातून पाणी झिरपून जाते, उतारावरून वाहून जाते, आणि दोनशे इंच पावसाच्या या गावाची भिस्त शार्लोट तलावावर आणि नेरळच्या बाजूने उल्हास नदीतून उपसून वर चढविलेल्या पाण्यावर राहते. आता ही उल्हास नदी उन्हाळ्यात वाहती कशी राहते, ते पाहावे. टाटांनी सह्याद्रीच्या माथ्यावर तलाव बांधून त्यांचे पाणी कोकणात पाडले आणि त्यावर वीज काढली. खोपोलीचे वीजगृह १९१५ साली आणि कर्जत तालुक्यातील भिवपुरीचे १९२२ साली सुरू झाले. भिवपुरीच्या वीजगृहातून बाहेर पडणारे पाणी राजनाल्याने कर्जतच्या शेतांस उन्हाळी भातासाठी मिळते आणि नदीसही मिळते. हे पाणी ज्या ठोकरवाडीच्या तलावातून येते तो आंद्रा नदीवर आहे. आंद्रा इंद्रायणीस मिळते, इंद्रायणी भीमेस, आणि भीमा उजनीच्या धरणातून सोलापूरकडे जाते. म्हणजे कर्जतच्या शेतकऱ्याच्या पाटातले पाणी मुळात सोलापूरच्या वाटेवरचे आहे. भिंतीच्या दोन्ही बाजूंचे लोक एकाच हंड्यातून पाणी घेतात, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. एकाने वाटी अधिक भरली की दुसऱ्याच्या वाट्याचे तेवढे कमी होते.

त्या खालच्या बाजूस आज काय चालले आहे? उजनीच्या पाण्यावर सोलापूर जिल्ह्यात उसाचे फार मोठे क्षेत्र उभे आहे आणि साखर कारखान्यांच्या संख्येत हा जिल्हा राज्यात अग्रेसर गणला जातो. मराठवाड्यातही, जेथे पावसाची सरासरी २८ इंचांच्या आसपास आहे, ऊस व कारखाने आहेत. कृषि खर्च व मूल्य आयोगाने महाराष्ट्रासंबंधी नमूद केले आहे की, लागवडीखालील क्षेत्रापैकी शेकडा ४ हूनही कमी क्षेत्र उसाखाली असून सिंचनाचे जवळजवळ ७० टक्के पाणी तो घेतो. बाकीच्या ९६ भागांतील ज्वारी, बाजरी, तूर, हरभरा, कापूस या पिकांना उरलेले ३० भाग आणि पाऊस!

हे असे व्हावे अशी कोणाची योजना नव्हती. १८७६-७७ च्या भयंकर दुष्काळानंतर दक्षिणेत जे कालवे काढण्यात आले, त्यांत नीरा डावा कालवा प्रमुख होता. पाऊस चुकल्यास ज्वारी-बाजरीस एक-दोन पाणी देऊन पीक व माणसे वाचवावी, हा त्याचा हेतू होता. परंतु बऱ्या पावसाच्या वर्षी ज्वारीचा शेतकरी पाण्यास पैसे देण्यास तयार नसे, तेव्हा ते पाणी वर्षभर पाणी घेणाऱ्या उसाकडे वळले. थोड्या गावांत अतोनात पाणी मुरून जमिनी पाणथळ व खारवट झाल्या आणि कालव्याच्या शेवटच्या गावांस पाणी पोहोचेना. त्या वेळी मुंबई इलाख्यात अभियंता असलेल्या विश्वेश्वरय्यांनी यावर तोड म्हणून तुकड्यांची पद्धत सुचविली. तिचे सार असे की, पाणी अधिक गावांत वाटावे आणि प्रत्येक तुकड्यात ऊस एका भागापुरताच ठेवून उरलेल्या भागात इतर पिके घ्यावी. पाणी थोडके व मागणारे पुष्कळ असता काय करावे, याचे हे उत्तर शंभर वर्षांपूर्वीच देऊन ठेवलेले आहे. १९९९ साली माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील जल व सिंचन आयोगानेही १००० मिलिमीटरहून कमी पावसाच्या प्रदेशात ऊस लावू नये असे सांगितले.

मग शेतकरी ऊसच का लावतो? त्यास दोष देऊन प्रश्न सुटत नाही. उसाचा किमान भाव कायद्याने ठरलेला असतो, घेणारा कारखाना जवळ असतो, गारपिटीने किंवा किडीने ऊस सहसा समूळ जात नाही, आणि बाजारात भाव पडला म्हणून तो रस्त्यावर ओतून देण्याची पाळी येत नाही. तूर किंवा ज्वारी पिकविणाऱ्यास यांपैकी कशाचीही खात्री नसते. ज्या घरात एकदा पीक बुडाले की मुलीचे लग्न आणि मुलाचे शिक्षण दोन्ही अडतात, त्या घराने खात्रीच्या पिकाकडे धाव घ्यावी यात नवल काय? इथेनॉलने या खात्रीत भर घातली. साखर गोदामात पडून राहिली की कारखान्याकडे पैसा नसतो आणि उसाचे बिल थकते. मद्यार्क मात्र तेलकंपन्या ठरल्या भावाने घेतात. परकीय तेलावरील खर्च वाचतो हाही लाभ खराच आहे. यास्तव इथेनॉलच्या पुरस्कर्त्यांचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नाही. परंतु पाण्याच्या बाजूने पाहिले तर त्याचा अर्थ असा होतो की, जे पीक कोरड्या प्रदेशात आधीच गरजेपेक्षा अधिक होते, त्यास आणखी एक गिऱ्हाईक मिळाले.

या गोष्टीची दुसरी बाजू मिरज स्टेशनावर दिसून आली. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे देशातील पहिले प्रयोग २००१ साली ज्या ठिकाणी झाले, त्यांत महाराष्ट्रातील मिरज व मनमाड ही दोन होती. त्यानंतर पंधरा वर्षांनी, एप्रिल २०१६ मध्ये, त्याच मिरजेहून पाण्याने भरलेली आगगाडी लातुरास निघाली. मांजरा धरण कोरडे पडले होते आणि लातूर शहरात पाण्यासाठी जमावबंदीचा हुकूम काढण्याची वेळ आली होती. १२ एप्रिलच्या पहाटे पोहोचलेल्या पहिल्या गाडीस प्रत्येकी ५० हजार लिटरच्या दहा टाक्या होत्या; म्हणजे ५ लाख लिटर पाणी कृष्णेकाठाहून सव्वातीनशेहून अधिक किलोमीटर प्रवास करून आले. वर मांडलेल्या हिशेबाने एक एकर उसास ८० लाख लिटर पाणी लागते. त्यापैकी पावसाने फार तर २८ लाख दिले असे धरले, तरी ५० लाखांहून अधिक पाणी पाटाने किंवा विहिरीने द्यावे लागते. म्हणजे त्या पहिल्या गाडीसारख्या दहा गाड्या रित्या केल्या तेव्हा कोठे एका एकराची वर्षाची तहान भागणार! पाच माणसांच्या कुटुंबास माणशी दररोज ५५ लिटर या सरकारी मानाने वर्षास सुमारे एक लाख लिटर पाणी पुरते. एका एकरातील उसाचे पाटाचे पाणी म्हणजे पन्नास कुटुंबांचे वर्षाचे पाणी होय.

तेव्हा शेतातून इंधन काढूच नये काय? तसे नाही. इंधन कशापासून काढले यावर सर्व अवलंबून आहे. साखर पूर्ण काढून घेतल्यावर जी काळी, चिकट मळी उरते, तिच्यापासून मद्यार्क काढल्यास उसाचे एक कांडेही अधिक लावावे लागत नाही. तिचे पाणी साखरेच्या खाती आधीच पडलेले असते. मात्र २०१८ च्या जैवइंधन धोरणाने साखर अर्धवट काढलेल्या मळीपासून आणि थेट रसापासूनही मद्यार्क काढण्यास वाट मोकळी केली. येथे हिशेब बदलतो. कारण मग ऊस साखरेकरिता नव्हे तर इंधनाकरिताच उभा आहे असे म्हणावे लागते. मक्याचेही तसेच. पावसाळ्यात पावसावर आलेला मका इंधनास गेला तर पाण्याची हानी थोडी. उन्हाळ्यात विहीर उपसून काढलेल्या मक्याची गोष्ट निराळी. शिवाय मका कोंबड्या-गुरांच्या खाद्यातून इंधनाकडे गेला की खाद्याचा भाव चढतो, तेही ध्यानात ठेवावयास हवे. फलटणच्या निंबकर कृषि संशोधन संस्थेने ताटात गोड रस असलेल्या ज्वारीवर पुष्कळ वर्षे काम करून ‘मधुरा’ हे वाण सिद्ध केले. चार महिन्यांत येणाऱ्या या पिकास उसाच्या मानाने पाणी पुष्कळच कमी लागते, कणीस माणसास मिळते, ताटाचा रस मद्यार्कास आणि चोथा गुरांस. कोरड्या प्रदेशाचे पीक कोरड्या प्रदेशास शोभते, याचे हे उदाहरण आहे. कारखाना, भाव आणि कायदा यांचा जो आधार उसामागे उभा आहे, तो मात्र या ज्वारीस लाभलेला नाही.

पाणी लागत नाही अशा पिकाचा भरवसाही तपासून घ्यावा लागतो. कोकणात कुंपणास जो मोगली एरंड लावतात, त्याच्या बियांच्या तेलावर रेल्वे व मोटारी चालतील आणि पडीक जमिनी सोन्याच्या होतील, अशी आशा २००३ च्या सुमारास मोठ्या प्रमाणावर बाळगली गेली. मूळचा मध्य अमेरिकेतला हा झाड-झुडूप वर्ग चिवट खरा. गुरे त्यास तोंड लावीत नाहीत आणि पाण्यावाचून तो तगून राहतो. परंतु तगणे आणि फळणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पाणी व खत यांवाचून त्यास बी इतके थोडे येऊ लागले की वेचणीची मजुरीही निघेना. आणि भरपूर बी हवे तर पाणी देणे आले. शिवाय ज्या जमिनीस कागदावर पडीक म्हटले होते, ती पुष्कळ ठिकाणी गावाची चराई निघाली. ती मोहीम अखेर विरून गेली आणि मोगली एरंड पुन्हा कुंपणास उरला.

परदेशांचा दाखला देतानाही हीच सावधगिरी हवी. ब्राझीलने १९७५ पासून उसाच्या मद्यार्कावर मोटारी चालविल्या, हे खरे. परंतु तेथील साव पावलो प्रांताचा बहुतेक ऊस पावसावर येतो. अमेरिकेत मक्याचा मद्यार्क निघतो. त्यातील पुष्कळसा मका पावसाचा आहे, पण नेब्रास्कासारख्या प्रांतात तो भूगर्भातील पाणी उपसून काढतात आणि तेथील भूजल मोठ्या काळजीचा विषय झाले आहे. ब्राझीलचे यश सांगून बारामती किंवा लातूरच्या उसाचे समर्थन करणे म्हणजे माथेरानचा पाऊस सोलापुरास जमेस धरणे होय.

पावसाने स्वतःच याची आठवण एकदा करून दिली आहे. २०२३ सालचा पावसाळा महाराष्ट्रात व कर्नाटकात कमी पडला, ऊस घटेल असे दिसू लागले, आणि त्या वर्षीच्या डिसेंबरात केंद्र सरकारने उसाच्या रसापासून इथेनॉल काढण्यास मनाई केली. पुढे ती शिथिल झाली आणि ऑगस्ट २०२४ मध्ये पुढील हंगामापुरती उठविण्यात आली. परंतु तेलाच्या आयातीपासून मुक्त करणारे इंधन पावसाच्या मर्जीपासून मुक्त नाही, हे त्यावरून स्पष्ट झाले.

यातून निघणारे धोरण कठीण नाही, आचरणात आणणे कठीण आहे. इंधनास प्रथम मळी, टाकाऊ व खराब झालेले धान्य आणि पावसावर येणारी पिके घ्यावी. अल्प पावसाच्या प्रदेशात इंधनासाठी म्हणून उसाचा नवा मळा उभा राहू देऊ नये. जो ऊस आहे त्यास ठिबकने पाणी द्यावे. यात तिसरा हिस्सा किंवा अधिकही पाणी वाचू शकते. मात्र वाचलेल्या पाण्यावर आणखी ऊस लावला तर ती बचत कागदावरच राहते. ज्वारी, तूर, हरभरा यांस उसाइतका भरवशाचा भाव व गिऱ्हाईक मिळावे. नाहीतर शेतकऱ्यास पाणी वाचविण्याचा उपदेश करणे म्हणजे उपाशी माणसास पथ्य सांगण्यासारखे आहे. आणि प्रत्येक कारखान्याचा परवाना देताना किती लिटर मद्यार्क निघेल याबरोबरच त्याचे पाणी कोणत्या नदीतून येणार व खालच्या गावास काय उरणार, याचा हिशेब मांडला जावा.

दस्तुरीचा घोडा आपले गवत कोणत्या पाण्यावर वाढले हे जाणत नाही. त्यास जाणण्याचे कारणही नाही. मोटारीचा धनी मात्र जाणू शकतो. डोंगराच्या पूर्वेकडील टोकावर उभे राहून सह्याद्रीच्या भिंतीकडे पाहताना त्याने एवढेच मनात आणावे की, आपल्या टाकीतील पाचवा हिस्सा त्या भिंतीपलीकडे, बहुधा कोणाच्या तरी विहिरीशेजारी, वाढला आहे. आणि ती विहीर वैशाखात कोरडी पडली तर तिच्यावर पाणी भरणारी बाई दुसऱ्या विहिरीपर्यंत चालत जाईल. इंधनाच्या किमतीत ते चालणे अद्याप कोणी धरलेले नाही.